उंबरमाळचा निरोप कुठं गेला

१

रविवारी दुपारी गणपतराव कुरुंदवाडला आमच्या घरी आले, तेव्हा मी अक्काच्या साड्या पेटीत भरत होते. अक्का माझी थोरली बहीण. फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून मला वाईट वाटायचं थांबलं होतं, आणि बरं वाटायचंही. तंत्रनिकेतनात शिकवायला जात होते, परत येत होते, वेळेला जेवत होते.

गणपतराव निवृत्त हेडमास्तर. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी चार रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका न्यासाचे ते सचिव. पूर्वी मी पुण्यात एका बँकेचे सर्व्हर सांभाळत असे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"अवंतिकाताई, आमच्याकडं एक बाई दगावली," ते म्हणाले. "आणि दोष दुसऱ्या बाईवर आलाय. तो तिचा आहे का, एवढं मला कळायला हवं."

मग त्यांनी हकीकत सांगितली. उंबरमाळच्या बाळासो पाटलांची बायको बनाबाई. दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी भाताची रोपं काढताना तिला नाग चावला. गावात न्यासाची आरोग्यसेविका आहे, झुंबरबाई. डोंगरात फोनवर आवाज टिकत नाही, पण मजकूर जातो. म्हणून न्यासानं कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीकडून एक यंत्रणा करून घेतली होती. सेविकेनं फोनवर नाव, गाव आणि काय झालं ते भरायचं आणि बटण दाबायचं. जवळच्या ड्रायव्हरला आणि डॉक्टरांना लगेच निरोप जातो. झुंबरबाईनं दहा वाजून बारा मिनिटांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. ती बनाबाईचा हात धरून बसली.

रुग्णवाहिका वीस मिनिटांवर उभी होती. ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता. त्याचा फोन वाजलाच नाही. पाऊण तासानं गावकऱ्यांनी बनाबाईला दुधाच्या टेम्पोत घातलं. मलकापूरच्या अलीकडेच ती गेली.

"कंपनी म्हणते, आमच्या यंत्रणेत दोष नाही," गणपतराव म्हणाले. "ड्रायव्हर म्हणतो, निरोप आला नाही. मग झुंबरबाईनं बटण दाबलंच नसणार, असं गावानं ठरवून टाकलं. तिच्या दारात कुणी जात नाही. गुरुवारी न्यासाची बैठक आहे. तिला काढायचा ठराव येणार."

"ती काय म्हणते?"

"म्हणायची, हिरवी खूण आली हुती. तेवढंच. आता तेही म्हणायची बंद झालीय."

मी हो म्हणाले. पेटी अर्धी भरली होती आणि मला ती पूर्ण भरायची नव्हती. दुसरं कारण सांगता येणार नाही.

२

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला गेले. कंपनी राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास, त्यामुळे जिना चपलांनी भरलेला. वर चारच माणसं.

मालक धैर्यशील, चाळिशीचे. आडवा बांधा, मोठा आवाज. पण त्या दिवशी तो आवाज त्यांनी कुठंतरी ठेवून दिल्यासारखा होता.

"या मॅडम. काय बघायचं ते बघा. लपवण्यासारखं काय न्हाय हितं," म्हणून त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. त्याच्या झाकणावरचं पातळ प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

सर्व्हर सांभाळणारा नृसिंह आतल्या खोलीत बसायचा. प्रोग्राम लिहिणारा अभिराम सव्वीस-सत्तावीसचा होता, आणि डोळ्यांखाली काळं आलेलं. तयार झालेला प्रोग्राम तपासून बघणं हे स्वप्नालीचं काम.

अशा ठिकाणी एकच प्रोग्राम दोन जगांत चालतो. एक जग प्रोग्रामरच्या मशिनवरचं, त्याला डेव्हलपमेंट म्हणतात. तिथं सगळं खोटं: खोटे रुग्ण, खोटे साप. तिथून निघालेले निरोप खऱ्या ड्रायव्हरकडं जात नाहीत, टेस्टसाठी ठेवलेल्या एका फोनवर जातात. दुसरं जग खऱ्या सर्व्हरवरचं, म्हणजे प्रॉडक्शन. आपण कुठल्या जगात आहोत हे प्रोग्रामला स्वतःहून कळत नाही. त्या त्या मशिनवर सेटिंगची एक छोटी फाइल असते, तिच्यात ते लिहिलेलं असतं.

मी पहिल्यांदा सर्व्हरवरची ती फाइल मागितली. नृसिंहनं उघडून दाखवली. 'मोड' या शब्दापुढं 'प्रॉडक्शन' लिहिलेलं होतं.

"मार्चपासून या फाइलला कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "तारीख बघा."

तारीख मार्चचीच होती. फाइल बरोबर होती.

"तुमचे निरोप पुढं पोचवणारी एक कंपनी असेल ना? त्यांच्याकडं यादी असते, कुठल्या नंबरवर काय गेलं याची. त्या सोमवार-मंगळवारची काढा."

स्वप्नालीनं यादी उघडली आणि वाचायला लागली. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. सोमवारी संध्याकाळी सहानंतर मंगळवारी पावणेअकरापर्यंत निरोप गेले होते, आणि सगळे एकाच नंबरवर.

"हा ड्रायव्हरचा नंबर नाही," ती म्हणाली. "हा आपल्या टेस्टच्या फोनचा आहे."

फोन तिच्या मागच्या फळीवर चार्जरला लावलेला होता. तो उघडायचा आकडा पाठीवर कागद चिकटवून लिहिलेला. मी तो उघडला. एका बाळंतिणीचा निरोप. एका तापकऱ्याचा. आणि तिसरा: बनाबाई बाळासो पाटील, उंबरमाळ, सर्पदंश, दहा वाजून बारा मिनिटं.

झुंबरबाईनं बटण दाबलं होतं.

 खालून मुलांचा एकसुरी आवाज येत होता, काहीतरी पाठ म्हणत होती. मी पुन्हा फोनकडं बघितलं. न वाचलेला निरोप या फोनवर ठळक अक्षरांत दिसायला हवा होता. हे तिन्ही साध्या अक्षरांत होते.

माझ्या आधी कुणीतरी ते वाचले होते.

३

अभिरामला मी जिन्याजवळच्या गॅलरीत नेलं.

"सोमवारी संध्याकाळी सहा वाजता नवं व्हर्जन सर्व्हरवर मीच चढवलं," तो न विचारताच म्हणाला. "तेव्हापासूनच निरोप चुकले. म्हणजे मीच."

"नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं होतंस?"

"खूप काही. सेटिंगची नावं पण. 'मोड' फार मोघम वाटायचं, म्हणून 'ॲप मोड' केलं. आमच्या मशिनवरच्या फाइलींमध्ये सगळ्यांनी बदलून घेतलं. नव्या मशिनसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या फाइलीतही."

"सर्व्हरवरच्या?"

 मला उत्तर माहीत होतं, त्यालाही. सर्व्हरच्या फाइलीला मार्चपासून कुणी हात लावलेला नव्हता. ही फाइल प्रोग्रामबरोबर चढत नाही. तिच्यात पासवर्ड असतात म्हणून ती वेगळी ठेवतात आणि हातानं बदलावी लागते. नवा प्रोग्राम 'ॲप मोड' शोधत होता. फाइलीत होता 'मोड'.

"आणि ते नाव सापडलं नाही की प्रोग्राम काय धरतो?"

"डेव्हलपमेंट," अभिराम म्हणाला. "तो नियम जुना आहे. पूर्वी एकदा टेस्टचे निरोप खऱ्या ड्रायव्हरला गेले होते आणि तो रिकाम्या रानात जाऊन आला होता. म्हणून ठरलं, शंका असली तर निरोप टेस्टच्या फोनवर जावा. कुणाला त्रास नको."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. पत्ता सांगावा तसं तो सांगत होता.

"हे तू दोन आठवडे कुणाला बोलला का नाहीस?"

"मंगळवारी मी दिवसभर मलकापुरात होतो, गणपतराव सरांबरोबर, नव्या व्हर्जनची ओळख करून द्यायला. बुधवारी ऑफिसात आलो, तर सर्व्हरवर माझं व्हर्जन नव्हतंच. जुनं चालू होतं. मला वाटलं, मी सोमवारी चढवलं ते नीट चढलंच नाही. मग माझी चूक नाही." तो थोडा थांबला. "मला तसंच वाटून घ्यायचं होतं."

मी आत गेले आणि नृसिंहला सर्व्हरची नोंदवही उघडायला सांगितली. यंत्रावर कुणी काय केलं याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं. मंगळवारी दहा एकेचाळीसला कुणीतरी नवं व्हर्जन उतरवून जुनं परत चढवलं होतं. नाव होतं सगळ्यांच्या सामाईक खात्याचं. जागा होती याच ऑफिसची.

बनाबाई गेल्याचा फोन या ऑफिसात संध्याकाळी चारला आला होता. दहा एकेचाळीसला ती जिवंत होती.

४

मलकापुरात दिवसभर गणपतरावांबरोबर असलेला अभिराम यातून सुटत होता. उरले तिघं.

नृसिंह त्या सकाळी दहापासून आतल्या खोलीत होता आणि तसं त्यानं सरळ सांगितलं. "एकटाच होतो. पुरावा काही नाही. पण मी केलं असतं तर माझ्या खात्यातून केलं असतं. सामाईक खातं मी महिनोन् महिने वापरत नाही."

"हे काय आहे?" मी नोंदवहीतल्या पुढच्या ओळींवर बोट ठेवलं. दहा एकेचाळीसला जुनं व्हर्जन चढलं होतं. त्यानंतर दहा चव्वेचाळीसला प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केलेला. दहा सत्तेचाळीसला पुन्हा. दहा एकावन्नला पुन्हा.

नृसिंहनं चष्मा वर केला. "तीनदा? कशाला? एकदा चालू झाला की झाला."

तो खरंच बुचकळ्यात पडला होता. नाटक करणारा माणूस इतका गोंधळलेला दिसत नाही.

स्वप्नाली त्या दिवशी दुपारी बाराला आली होती. सकाळी आईला घेऊन शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात होती, आणि तिथला कागद तिच्या पर्समध्येच होता. "मी आले तेव्हा सांगलीचे पाहुणे चहा घेऊन निघत होते. एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं. त्यांना हीच यंत्रणा हवी होती. सरांनी अकरा वाजता त्यांना दाखवायचं ठरवलं होतं."

"प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालू केल्यानं काही होतं का? तपासताना तू कधी करतेस?"

"आता काही होत नाही." ती विचार करून बोलत होती. "फार पूर्वी व्हायचं. प्रोग्राम चालू झाला की तासाभरातले सगळे निरोप पुन्हा एकदा जायचे. मी नवीन असताना तसं होतं. मग ड्रायव्हर एकाच गावाला दोनदा जायला लागले, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही ते काढून टाकलं. आता एकदा 'पाठवला' अशी खूण झाली की निरोप परत जात नाही. टेस्टच्या फोनवर गेला तरी खूण तीच."

"आम्ही म्हणजे?"

"नृसिंह आणि मी. अभिराम नंतर आला, पण त्याला माहितीय."

"आणि पहिलं व्हर्जन कुणी लिहिलं होतं?"

 माझ्याकडं न बघता ती यादी पुन्हा वाचायला लागली, आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, यादीत टेस्टच्या फोनवर गेलेले चार निरोप आहेत. फोनवर तीनच आहेत."

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. चौथा निरोप दहा छत्तीसचा होता. फोनवरून तो पुसलेला होता.

"हा सर्व्हरवरून गेलेला नाही," स्वप्नाली म्हणाली. "निरोप पाठवणाऱ्या प्रत्येक मशिनला वेगळी चावी असते, म्हणजे आकड्यांची एक ओळ. आमच्या तिघांच्या चाव्या मला पाठ आहेत. ही आमच्यापैकी कुणाचीच नाही."

नृसिंह उठून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ही नमुन्याच्या फाइलीतली आहे."

५

धैर्यशीलांच्या केबिनचं दार मी लोटून घेतलं. ते खिडकीकडं तोंड करून बसले होते.

"धैर्यशीलराव, मी सांगते ते ऐका. चुकलं तिथं थांबवा."

त्यांनी मान हलवली नाही.

"नवं मशिन आलं की त्यावर नमुन्याची फाइल उतरवून घेतात. पहिल्याच दिवशी तिच्यातली चावी काढून आपली घालायची असते. इथल्या तिघांनी ते कधीच केलंय. मंगळवारी सकाळी दहा छत्तीसला ज्या मशिनवरून निरोप गेला, ते मशिन नवीकोरं होतं आणि ते वापरणाऱ्याला रोजच्या कामाची सवय नव्हती. या ऑफिसात नवं मशिन एकच आहे. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही."

खाली क्लास सुटला होता. जिन्यावर पावलांचा गलका झाला आणि विरला.

"अकराला सांगलीची माणसं यायची होती. त्याआधी तुम्ही एक खोटा निरोप पाठवून बघितला. तो आला का ते बघायला टेस्टचा फोन उघडला. तुमच्या निरोपाच्या खाली तीन निरोप होते, आणि ते खरे होते. काय झालं असेल ते तुम्हाला लगेच कळलं, कारण हा प्रोग्राम मुळात तुम्हीच लिहिलेला. तुम्ही जुनं व्हर्जन परत चढवलं. मग तीनदा बंद-चालू केलं. आजच्या प्रोग्रामची माहिती असलेला माणूस तसं करणार नाही. तुमच्या वेळी प्रोग्राम चालू झाला की निरोप पुन्हा जायचे. ते काढून टाकल्याचं तुम्हाला माहीत नव्हतं. बनाबाईचा निरोप ड्रायव्हरला जाईल म्हणून तुम्ही वाट बघत होता."

 मग ते बोलले, पण खिडकीशीच.

"पयल्यांदा केलं तवा वाटलं, गेला. मग वाटलं, न्हाय गेला बहुतेक. म्हणून परत केलं. तिसऱ्यांदा करताना पाव्हणं जिन्यात आलेलं. त्यांचं बोलणं ऐकू येत हुतं."

"ड्रायव्हरचा नंबर तुमच्याकडं होता."

"हुता."

"फोन का नाही केला?"

"केला असता तर त्यानं विचारलं असतं, तुमाला कसं कळलं." त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "पाव्हण्यांम्होरं ती गोष्ट निघाली असती. मी म्हटलं, गेला असंल निरोप. तसं म्हणून दार उघडलं. तासभर त्येनला दाखवत हुतो, बटण दाबलं की गाडी कशी निघती."

"स्वतःचा निरोप तुम्ही पुसलात. ते तीन का ठेवलेत?"

"त्यावर नाव हुतं की," ते म्हणाले. "बोट जाईना."

संध्याकाळी चारला बातमी आली तेव्हाच त्यांना सगळं समजलं होतं. दुसऱ्या दिवशी न्यासाला त्यांनीच लिहून दिलं, यंत्रणेत दोष नाही. ती ओळ खोटी नव्हती, असं ते मला सांगायला लागले. ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी यंत्रणा नीट चालत होती. सांगता सांगता मधेच थांबले.

मला राग यायला हवा होता. तो आत कुठंतरी असणार. मी वाट बघितली, पण तो आला नाही. एवढंच कळत होतं, की हा माणूस दोन आठवडे रोज ऑफिसात आला, आणि रोज अभिरामला समोर बसलेला बघून काही बोलला नाही. आणि डोंगरात एक बाई आपणच बटण चुकीचं दाबलं असं मानून घरात बसून राहिली.

"गुरुवारी बैठक आहे," मी म्हणाले. "मी गणपतरावांना आजच सगळं लेखी देणार आहे. पण त्याआधी तुम्हाला उंबरमाळला जायला लागेल."

६

बुधवारी सकाळी गणपतराव, धैर्यशील आणि मी, असे तिघं गेलो. गाडी गणपतरावांची.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावणी झालेली खाचरं होती, पाण्यात आभाळ दिसत होतं. मला ते दिसत होतं, वाटत काही नव्हतं.

निघण्याआधी नृसिंहनं प्रोग्राममधला तो नियम काढून टाकला होता. आता सेटिंग सापडलं नाही तर प्रोग्राम काही धरून चालत नाही, तो सुरूच होत नाही. दोन ओळींचं काम. बाळंतीण आणि तापकरी दोघं बरे आहेत, हेही स्वप्नालीनं फोन करून विचारलं होतं.

बाळासो पाटील घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी आम्हाला घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या ठेवला. धैर्यशील उभेच राहिले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कमी केलं नाही, वाढवलं नाही. सोमवारी काय झालं, मंगळवारी त्यांनी काय वाचलं आणि काय केलं नाही.

बाळासोंनी मधे विचारलं, "तुमी वाचलं तवा किती वाजल्यालं?"

"दहा सदतीस."

"तवा ती बोलत हुती," बाळासो म्हणाले. "म्हशीला वैरण टाकली का, म्हणून इचारत हुती."

मग त्यांनी गणपतरावांकडं बघितलं.

"गाडी कुठं हुती तवा?"

"वीस मिनिटांवर," गणपतराव म्हणाले.

बाळासोंनी मान डोलावली. ते हिशेब करत असावेत, पण तोंडावर काही दिसलं नाही. मग ते आत गेले आणि पोराच्या वहीतला एक कागद आणि पेन घेऊन आले.

"ह्ये समदं लिवून द्या. खाली सही करा. झुंबरबाईनं बटान दाबल्यालं, ह्ये पयलं लिवा. बाकीचं मागनं."

धैर्यशीलांनी उंबऱ्यावर बसून लिहिलं. मधे एकदा थांबून त्यांनी हात पुसला. लिहून झाल्यावर बाळासोंनी कागद घेतला, लांब धरून सावकाश वाचला आणि परत दिला.

"नुसतं बनाबाई लिवलंय. पुरं नाव लिवा."

त्यांनी पुरं नाव लिहिलं.

गणपतरावांनी पोलिसांचं काय ते विचारलं. "त्ये तुमी बघा," बाळासो म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई." धैर्यशील म्हणाले, "हितनं मी सरळ मलकापूरच्या ठाण्यात जाणार हाय." आणि ते गेले; गणपतरावांच्या गाडीत मागे बसून, खिडकीला डोकं टेकून.

मी मागं राहिले. बाळासो कागद घेऊन वरच्या आळीला निघाले, मीही त्यांच्या मागून चालायला लागले. एका घराचं दार लोटलेलं होतं. त्यांनी बाहेरूनच हाक मारली.

झुंबरबाई दारात आली. पन्नाशीची, बारीक, डोक्यावर पदर. बाळासोंना बघून ती भिंतीला टेकली.

बाळासोंनी अंगणात उभं राहून कागद वाचून दाखवला. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली होती, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पहिली ओळ त्यांनी दोनदा वाचली. शेवटी सही केलेल्याचं नाव वाचलं, तारीख वाचली.

झुंबरबाई रडली नाही. तिनं विचारलं, "मग मी तिला सारखी सांगत हुते, गाडी निघालीया, आता येतीया. त्ये?"

"तुला तसंच वाटलं हुतं की," बाळासो म्हणाले. "तिलाबी तसंच वाटलं असंल."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "च्या ठिवू?"

"ठीव," बाळासो म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.